ओढ्यापलीकडून काढलेला बार

“पण माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा की, आबा?”

हिंदुरावाने हातातलं काडतूस आबांच्या पुढ्यात घोंगडीवर फेकलं. न उडालेलं काडतूस. पितळ हिरवट पडलेलं, बुडाच्या टोपीवर बंदुकीच्या घोड्याचा ठोका उमटलेला.

सुभानजी आबा सुपारी कातरत होते. ते कातरत राहिले.

हिंदुरावाच्या अंगाची लाही लाही झाली. इनामदारांचा मुलगा तो. घरी पाण्याचा तांब्याही कधी स्वतः उचलला नसेल. आणि इथे या म्हाताऱ्याची ओसरी झाडून, शिव्या खाऊन तो नेमबाजी शिकला होता. आज अख्ख्या वाडीसमोर त्याची शोभा झाली, ती का, तर दारू शिळी म्हणून.

संस्थानं अजून शाबूत होती तेव्हाची ही गोष्ट. आबा एकेकाळचे शिकारखान्याचे प्रमुख. म्हातारपणी डोंगराखाली येऊन राहिले होते. पिकात डुकरं उतरली की लोक त्यांच्याकडे येत आणि आबा शिष्याला धाडत.

रायफल मात्र चांगली देत. विलायती, चापाखाली लोखंडी कडी असलेली. कडी खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर उडायचं, नवं आत बसायचं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा बार काढता यायचा. अशी ती रायफल, आणि तिच्यात घालायला काडतुसं कसली, तर आबांच्या वडिलांच्या वेळची. नव्यांचं खोकं ट्रंकेत कुलूपबंद. शिष्याला जुनीच मिळायची, हा आबांचा रिवाज होता. त्याचं कारण विचारायची कुणाची छाती नव्हती.

आज हिंदुरावाने विचारलं.

“पहिला बार लागला. डुक्कर बसलं. उठलं. मी कडी ओढली, चाप दाबला, तर नुसतं टक. पुन्हा कडी ओढली. तिसरा बार उडाला, पण तोवर ते पळायला लागलं होतं. वरून गेला. आता शिरलंय करवंदीच्या जाळीत. दुसरं काडतूस उडालं असतं, तर डुक्कर जाग्यावर पडलं असतं. आणि लोक मला हसतात.”

“पयला कुठं लागला?” आबांनी विचारलं.

“लागला ना.”

“कुठं?”

“...मागं. पोटाला असेल.”

“कुठनं मारलास?”

“ओढ्याच्या पलीकडून.”

आबांचा अडकित्ता थांबला.

“अल्याड का न्हाई आलास?”

“ओढ्यात उतरलो असतो तर सावध झालं असतं. आणि पहिला चुकला तर दुसरा होता की, आबा. दुसरा चुकला तर तिसरा. त्यासाठीच तर ही कडी.”

यात वावगं काही बोललो असं हिंदुरावाला वाटलंच नाही. उलट म्हाताऱ्याला बरोबर कोंडीत पकडलं, असं वाटलं.

आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

मग उठले. आत गेले. ट्रंकेचं कुलूप वाजलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ते खोकं होतं, कागदी वेष्टनसुद्धा न फाडलेलं. ते त्यांनी हिंदुरावाच्या हाती दिलं.

शेवटी पटलं म्हणायचं. हिंदुरावाने खोकं छातीशी धरलं.

“रायफल हिकडं आण,” आबा म्हणाले. त्यांनी कडी ओढून ओढून आतली सगळी जुनी काडतुसं घोंगडीवर काढली. रिकामी रायफल खांद्याला अडकवली. “चल.”

“भरून घेऊ द्या की.”

आबा चालायला लागले होते.

वाटेत हिंदुरावाचं डोकं पुन्हा तापलं. काडतुसं आपल्या हातात, रायफल आबांच्या खांद्याला. शिकारीला निघालेल्या माणसांची ही कुठली तऱ्हा? पाहणाऱ्याने हसून लोळण घेतली असती.

करवंदीची जाळी वाडीच्या वरच्या अंगाला होती. तिला लागून पाऊलवाट, आणि पाऊलवाटेच्या टोकाला झरा. वाडीतल्या बाया त्याच वाटेने पाण्याला जात. आज एकही बाई दिसत नव्हती. जखमी डुकराच्या भीतीने रिकामे हंडे घेऊन सगळ्या खाली, पाराशी थांबल्या होत्या.

जाळीच्या पानांवर रक्त होतं. आतून श्वास ऐकू येत होता. खोल, ओला, मध्येच अडकणारा.

आबांनी हात पुढे केला. “दे.”

हिंदुरावाने वेष्टन फाडून मूठभर काडतुसं दिली. आबांनी त्यातलं एक घेतलं आणि बाकीची परत त्याच्या खिशात ओतली. एकच रायफलीत भरलं आणि रायफल त्याच्या हाती दिली.

“एकच?”

“एकच.”

“जखमी डुक्कर आहे, आबा. सुळेवालं.”

“ठावं हाय. पोटात गोळी घिऊन पडलंय सकाळपास्नं. तहानेनं आता झऱ्याकडं निघंल. ह्याच वाटेनं.”

एवढं बोलून आबांनी डोक्याचा पटका सोडला, जाळीच्या तोंडाशी वाटेवर अंथरला आणि त्यावर मांडी घालून बसले. बरोब्बर मध्ये. हातात काठीसुद्धा नाही.

“आबा, उठा.”

आबांनी डोळे मिटले.

“आबा, ते बाहेर आलं तर तुम्हाला फाडील.”



 आधी हिंदुराव वाटेच्या कडेच्या खडकावर चढला. तिथून आबा दिसत होते, जाळीचं तोंड दिसत होतं, अंतर फार नव्हतं. एरवी इथून त्याने नारळ फोडला असता. पण डुक्कर सुटलं की बाणासारखं सुटणार, आणि पहिली गोळी जरा इकडे तिकडे झाली तर... त्याने खिशातल्या काडतुसांना हात लावला. ती भरायला लागणारा वेळ त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तेवढ्या वेळात सुळे म्हाताऱ्याच्या छातीत शिरले असते.

तो खाली उतरला. जाळीच्या बाजूने गेला, वारा तोंडावर घेऊन. मग ओणवा झाला. मग रांगू लागला. काट्यांनी सदरा फाटला, कान फाटला. श्वास जवळ आला. तो आणखी पुढे सरकला.

पानांच्या आड ते पडलं होतं. जखमेवर माश्यांचा थर. ते उठायचा प्रयत्न करत होतं, मागचं अंग उचलत नव्हतं, आणि तरी ते पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत होतं. उजेडाच्या बाजूला. झऱ्याच्या बाजूला. आबा बसले होते त्या बाजूला.

त्याने हिंदुरावाकडे पाहिलं.

इतक्या जवळून हिंदुरावाने जिवंत जनावर कधी पाहिलं नव्हतं. त्याने ओठ घट्ट मिटले. नळी डुकराच्या कानामागच्या भागापासून हातभर अंतरावर नेली, थांबला, पुन्हा नेम पाहिला, आणि चाप दाबला.

डुकराने मान टाकली. श्वास थांबला.

सवयीने त्याचा हात कडीकडे गेला. आत काही नव्हतंच.

तो जाळीतून बाहेर आला तो रागाने काळानिळा होऊन. आबा तिथेच होते. डोळे उघडून त्याच्याकडे बघत होते.

“हे काय वागणं झालं, आबा?” तो ओरडला. “ही टोपी फुसकी निघाली असती तर? माझा नेम हुकला असता तर? तुमच्या घरी जाऊन मी काय सांगायचं होतं? जुनी काडतुसं देता, ते सोसलं. लोक हसले, तेही सोसलं. पण असा जीव माझ्या हातात टाकून मोकळे होता? कुणाचा तरी जीव असा एका गोळीवर टांगायला तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

 रायफल धरलेला हात लटलट कापत होता. दुसऱ्या हाताने त्याने तो दाबून धरला, तरी थांबेना.

आबा उठले. पटका झटकला. जाळीत वाकून त्या जनावराच्या पोटाकडे पाहिलं. सकाळच्या जखमेकडे.  मग वळून हिंदुरावाचा तो कापणारा हात आपल्या हातात घेतला.

“ओढ्यापल्याड हुबा हुतास,” आबा म्हणाले, “तवा ह्यो का कापला न्हाई?”