स्वयंपाकघर आणि जिन्यामधला दरवाजा

घाटमाथ्यावरच्या एका गावात रेवणशेट नावाचे लाकडाचे व्यापारी राहत असत. व्यापारापायी ते सतत फिरतीवर. त्यांची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारच्या बायकांनीच तिचे सगळे केले. भरवले, न्हाऊ घातले, शेवटचे पाणीही त्यांनीच पाजले. शेटजी ते उपकार विसरले नाहीत. पुढे त्या बायका थकल्या, एकट्या पडल्या. त्यांच्यासाठी शेटजींनी दुमजली वृद्धाश्रम बांधायला काढला.

दरवाजे त्यांनी हौसेने करून घेतले. जुने सागवान, त्यावर बारीक वेलबुट्टी. ते पाहून लोक थबकत.

अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या कासम मुजावरांना शेटजींनी इमारत पाहायला बोलावले. स्वयंपाकघर आणि जिना यांच्यामध्ये लावायच्या दरवाजावरून मुजावरांनी हात फिरवला.

"काम सुरेख आहे," ते म्हणाले. "पण इथे नको."

"का? असं लाकूड जिल्ह्यात मिळणार नाही."

"लाकडाला नाव ठेवत नाही मी. पण कोरलेल्या फळ्या पातळ आहेत. स्वयंपाकघरात आग लागली तर त्या लगेच जळतील. धूर जिन्यात शिरेल. मग वरच्या बायका उतरणार कुठून?"

आग थोपवणारे लाकडी दरवाजे वेगळे असतात, हे त्यांनी समजावले. ते आतून भरीव असतात. कडेची पट्टी उष्णतेने फुगून फट बुजवते. उघडलेले दार आपोआप मिटते. कोणता अर्धा तास टिकतो, कोणता तासभर, हे भट्टीत तपासून ठरवलेले असते.

शेटजींच्या मनाला ते लागले. त्या दिवशी ते कोणाशी धड बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच मुजावरांकडे गेले.

"मग सगळीकडे सर्वांत भक्कम लावा. दोन तास टिकणारे. त्या बायकांना काही कमी पडायला नको."

मुजावरांनी वाद घातला नाही. तसा एक दरवाजा मागवून खोलीला बसवला आणि शेवंताक्कांना बोलावले. शेटजींच्या आईची सर्वांत जास्त सेवा त्यांनीच केली होती. अक्कांनी काठी भिंतीला टेकवली. दोन्ही हातांनी दार ढकलले, मग खांदा लावला. दार जेमतेम हलले.

"रेवणा, दार भक्कम आहे बाबा," अक्का धापा टाकत म्हणाल्या. "पण आग लागली तर मी आतच राहीन."

आपण काय द्यायचे याचाच शेटजींनी इतके दिवस विचार केला होता. दार कोणाच्या हाताने उघडायचे, हे मनातही आले नव्हते.

"मुजावर, कुठे काय हवं ते तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

स्वयंपाकघर आणि जिन्यामध्ये तासभर टिकणारा दरवाजा बसला. खोल्यांना अर्ध्या तासाचे, हाताला हलके लागणारे. न्हाणीघरांना साधे. कोरीव दरवाजे बागेकडे लागले.

चैत्रातल्या एका दुपारी कढईतल्या तेलाने पेट घेतला. आचारीण मागच्या दाराने अंगणात पळाली. जिन्याकडचा दरवाजा मिटलेलाच होता. आगीची घंटा वाजली आणि वर लवंडलेल्या बायका उठल्या. कठड्याला धरून, एकमेकींना सावरत खाली उतरल्या. जिन्यात धूर नव्हता. बंब येऊन पोचला, तेव्हा सगळ्या बाहेर फणसाच्या सावलीत बसल्या होत्या.

आग विझल्यावर शेटजी आत गेले. स्वयंपाकघराच्या बाजूने दरवाजा कोळसा झाला होता. जिन्याच्या बाजूचा रंगही उडाला नव्हता. त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

बाहेर मुजावर भेटले. शेटजींनी त्यांचे हात धरले.

"त्या दिवशी मी तुमच्यावर रागावलो होतो."

"रागावलात, तरी ऐकलंत," मुजावर म्हणाले. "म्हणून आज सगळ्या जणी दिसताहेत."

मग शेटजी शेवंताक्कांपाशी गेले आणि वाकून त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

"अरे, मी काय केलं?" अक्का म्हणाल्या. "दार उघडत नाही, एवढंच तर म्हटलं."

"देणाऱ्याला तेवढं कोणी सांगत नाही, अक्का," शेटजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तात्पर्य: देताना आपली हौस बाजूला ठेवून जागेची आणि माणसाची गरज ओळखावी, आणि ती गरज स्पष्ट सांगणाऱ्याचे उपकार मानावेत.