पाहुण्याची ओंजळ

एका गावात अकरा माणसांचं एक घर होतं. खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसं, त्यापलीकडे काही नाही. वर्षातून एकदा भात पिकायचा, कांडून तांदूळ व्हायचा, कोठीच्या खोलीतल्या मोठ्या कणगीत भरला जायचा आणि पुढच्या दिवाळीला नवा तांदूळ येईपर्यंत घर त्याच्यावर चालायचं. मधेच कणगीचा तळ लागला, तर बाईमाणसानं सूप घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. त्या घरातल्या कुठल्याच बाईवर ही वेळ आजवर आलेली नव्हती आणि याचा त्या घराला फार अभिमान होता.

घरात तीन सुना. थोरली, मधली आणि धाकटी. नावं त्यांनाही होती, पण सासरी सुनेला नावानं हाक मारतंय कोण. कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असायची, आणि तीस वर्षांत ती तिथून हललेली कुणी पाहिली नव्हती.

गौरीगणपती आटोपले आणि सासूबाईंच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं. जाणं भाग होतं. निघायच्या दिवशी त्यांनी थोरलीला कोठीत नेलं, कणगीत काठी उभी केली आणि दाखवलं. दोन हात तांदूळ आहे, म्हणजे अठ्ठेचाळीस बोटं. रोज एक बोट खाली जातो. दिवाळीला चव्वेचाळीस दिवस आहेत. पुरून चार बोटं उरली पाहिजेत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि ऐक. स्वयंपाकाचा तांदूळ काढलास की वर एक ओंजळ घालायची. अवचित आलेल्या पाहुण्याची. दर जेवणाला. याचा बोभाटा करायचा नसतो, कुणाला सांगू नकोस."

थोरलीनं मान डोलावली. किल्ली कमरेला लागली तेव्हा तिला आधी बरं वाटलं आणि लगेच धास्ती बसली. ती धास्ती पुढे दिवाळीपर्यंत गेली नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

बाई हिशेबी होती. लिहिता येत नव्हतं म्हणून काही अडलं नाही. तिनं एक गाडगं घेतलं, आणि तांदळाचा शेर कणगीतून निघाला की गाडग्यात एक चिंचोका टाकायचा असा नेम धरला. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पाहुण्याची ओंजळ त्या चार शेरांतच बसवायची, हे तिनं सासूबाईंच्या हाताकडे वर्षानुवर्षं बघून जाणलं होतं. चार शेर म्हणजे बरोबर एक बोट. आठ दिवस झाले तेव्हा तिनं चिंचोके मोजले. बत्तीस. चूक काढायला जागा नव्हती. मग काठी घालून बघितलं, तर तांदूळ दहा बोटं उतरला होता.

तिनं काठी पुसली आणि पुन्हा घातली. दहाच.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. रोजचं सव्वा बोट जातंय, म्हणजे दिवाळीच्या ऐन तोंडावर सहा दिवस घरात तांदूळ नसणार. फराळाच्या दिवसांत अकरा माणसांपुढे काय वाढायचं? सूप घेऊन कुणाच्या दारात जायचं? आणि सासूबाई आल्यावर किल्ली परत मागतील ती कुठल्या नजरेनं? नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, तांदूळ काय उडून जातो? जावांना सांगावं तर मधली मनातल्या मनात हसणार. बिचारीनं कुणालाच सांगितलं नाही, आणि तिथंच सगळं बिघडत गेलं.

चिंचोके बरोबर आहेत आणि तांदूळ कमी आहे, याचा अर्थ तिनं एकच काढला. कुणीतरी उचलतंय.

कोठीला कुलूप रात्रीच लागायचं, दिवसा ती उघडीच असायची. आता घरची माणसं सोडली तर त्या कोठीत रोज बसणारी बाई एकच. कोंडाबाई. जातं कोठीतच होतं, कणगीला खेटून. कोंडाबाई पंधरा वर्षं सकाळी येऊन त्या घरचं नाचणी-ज्वारीचं दळण दळत असे. विधवा बाई, मागंपुढं कुणी नाही. मुलं तिला मावशी म्हणायची, सुनाही मावशीच म्हणायच्या. मजुरीत मिळणाऱ्या पिठावर तिची चूल पेटायची.

थोरलीनं पहिल्यांदा नुसतं लक्ष ठेवलं. सकाळचा तांदूळ सुपात काढून झाला की कणगीतला तांदूळ तळव्यानं सारखा करायचा आणि वर बोटानं स्वस्तिक काढून ठेवायचं. संध्याकाळी झाकण उघडावं, तर स्वस्तिक मोडलेलं. एक दिवस नाही, रोज. मग तिच्या मनानं जे घेतलं ते घेतलंच. दळण संपवून कोंडाबाई निघाली की ही दाराशी उभी. सरळ आरोप करायची छाती नाही, म्हणून एक दिवस म्हणाली, मावशी, पीठ फार उडतंय, जरा पदर झाडून जात जा. कोंडाबाईनं एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं. उंबऱ्यात उभी राहून पदर झाडला. थोडा कोंडा उडाला, तांदळाचा दाणा काही पडला नाही. दुसऱ्या दिवसापासून कुणी न सांगता ती रोज झाडू लागली, आणि थोरली रोज तिथं उभी राहून बघू लागली. बघताना तिला स्वतःची लाज वाटायची. तरीही बघायची.

पुढचे आठ दिवस गेले. काठी घातली. आणखी दहा.

तेव्हा तिनं कोंडाबाईला सांगितलं की उद्यापासून येऊ नका, दळण आम्हीच दळू. कोंडाबाईनं हातातलं दळण पुरं केलं. जातं पुसून काढलं, त्यावर फडकं घातलं, आणि जाताना एवढंच म्हणाली, "सासूबाई आल्या की त्यांना काय सांगणार, वहिनी?"

थोरली कणगीचं झाकण नीट करत राहिली.

तिघी जावा दळायला लागल्या. हातांना फोड आले, धाकटी तर रडकुंडीला आली. पण थोरलीला त्या फोडांचं काही नव्हतं, तिचं सगळं ध्यान काठीकडे. कोंडाबाई गेली म्हणून स्वस्तिक काढणं तिनं सोडलं होतं. रोज वाटे बघावं, आणि रोज धीर व्हायचा नाही. शेवटी आठव्या दिवशी कोठीचं दार लोटून तिनं काठी घातली. बोटं मोजली.

दहा.

ती जात्याजवळ बसली. कोंडाबाई आठ दिवस या घरात आलेली नव्हती, आणि तांदूळ तेवढाच उतरला होता. आता कणगीत अठरा बोटं उरली होती, दिवाळीला वीस दिवस होते, आणि एका म्हाताऱ्या बाईला उंबऱ्यात पदर झाडायला लावून तिनं घालवून दिलं होतं. तांदूळ कमी पडेल ही भीती तिला पंधरा दिवस खात होतीच. आता वाटलं, तांदूळ कमी पडला असता तरी चाललं असतं.

तशीच ती मागल्या दारी तोंड धुवायला गेली, तर धाकटी शिळ्या भाताची बादली घेऊन शेजारच्या गवळ्याकडे निघाली होती. रोजचंच होतं ते. उरलेला भात गवळ्याच्या म्हशीला जायचा, आणि त्याच म्हशीचं दूध हे घर विकत घ्यायचं. आपल्या भातावर पोसलेल्या म्हशीचं दूध पैसे मोजून प्यायचं, असली हुशारी आपल्याकडे पुष्कळ घरांतून चालते. थोरली बादलीकडे बघत राहिली. बादली गळ्यापर्यंत भरली होती. तिनं विचारलं, रोज एवढं असतं? धाकटी म्हणाली, हल्ली असतं बाई, मुलांना फोडणीचा भात घालून घालून कंटाळा आला. म्हैस मात्र बाळसं धरतेय.

चोरलेला तांदूळ कुणी शिजवून शेजारच्या म्हशीला घालत नाही, एवढं थोरलीला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखा तांदूळ सुपात काढला, चिंचोके टाकले, पुन्हा स्वस्तिक काढलं आणि विहिरीवर जाते असं मोठ्यानं सांगून मागल्या दारानं परत येऊन कणगीआड उभी राहिली. थोड्या वेळानं मधली आली. इकडेतिकडे बघितलं, झाकण उचललं आणि ओंजळभर तांदूळ काढला. मधलीनं तो तांदूळ पदरात घेतला नाही, बाहेर नेला नाही. थोरलीनं काढून ठेवलेल्या सुपातच घातला आणि निघून गेली. मग धाकटी आली. तिनंही मागंपुढं बघितलं, तिनंही ओंजळ काढली, त्याच सुपात घातली, आणि सूप उचलून निवडायला घेऊन चालली.

थोरली पुढं आली तशी धाकटीच्या हातून सूप पडता पडता राहिलं. मधलीला हाक गेली. तिघी समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा एकेक उलगडा झाला. निघायच्या दिवशी सासूबाईंनी तिघींनाही वेगवेगळं बोलावलं होतं. तिघींनाही अवचित पाहुण्याची ओंजळ सांगितली होती, आणि कुणाला सांगू नकोस असंही तिघींना सांगितलं होतं. प्रत्येकीला वाटे, विश्वासाची मी एकटीच.

चोवीस दिवसांत पाहुणा एकही आला नव्हता. भात मात्र दर जेवणाला तिघा पाहुण्यांचा शिजत होता.

धाकटी हसू लागली, मधलीही हसली. थोरलीला हसू आलं नाही. ती म्हणाली, "माझा चिंचोका न् चिंचोका बरोबर होता, आणि मी कोंडामावशीला घालवून बसले." मग जात्यापाशी तोंडाला पदर लावून रडली.

त्याच दिवशी तिनं दोन गोष्टी केल्या. पाहुण्याची एकच ओंजळ मोजून निराळ्या गाडग्यात ठेवली, कच्ची. पाहुणा दारात आला की मगच ती शिजवायची, आणि हे दोघी जावांनाच काय, घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. दुसरं म्हणजे बादलीसाठीही चिंचोके ठेवले. वाटीभर भात उरला की एक चिंचोका. दोन दिवस जास्त पडले की तिसऱ्या दिवशी शेरात कमी घ्यायचं.

मग ती एकटी कोंडाबाईच्या झोपडीवर गेली. जे झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि विचारलं, की तुम्ही रोज तिथं बसत होतात, या दोघींना हात घालताना बघितलं असेल, मग बोलला का नाहीत?

"कणगी तुमची आणि हातही तुमचेच," कोंडाबाई म्हणाली. "बोलले असते, तर घरात भांडण लावलं म्हणून गेले असते. तशी गेलेच की."

तिच्या चुलीवर काही नव्हतं. थोरलीनं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी कोंडाबाई कामावर आली, कारण पोटाला मानापमान परवडत नाही. दळण झालं, निघताना उंबऱ्यात थांबली आणि पदर झाडला. थोरली म्हणाली, मावशी, नको ना आता. कोंडाबाई म्हणाली, सवय झाली वहिनी. आणि मग रोज झाडत राहिली. थोरली त्या वेळी आत काहीतरी काम काढून बसायची.

गवळ्यानं एकदा येऊन कुरकुर केली की म्हैस वाळली. बाकी सगळं नीट चाललं. अठरा बोटांत वीस दिवस काढायचे होते. थोरली रोज जीव मुठीत धरून काठी घालायची. पण वसुबारसेला सासूबाई बैलगाडीतून उतरल्या तेव्हा कणगीच्या तळाशी बोटभर तांदूळ शिल्लक होता. सूप घेऊन कुणाच्या दारात जावं लागलं नाही. सासूबाईंना तेवढ्यानंच आनंद झाला. म्हणाल्या, चार बोटं नाही तर नाही, पण राखलीस गं बाई.

तेवढ्यात कोंडाबाईचं दळण झालं. ती उंबऱ्यात थांबली, पदर झाडला आणि गेली.

सासूबाईंनी विचारलं, "हे कधीपासून?"

थोरलीनं कमरेची किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. "मी लावलं, आत्याबाई," म्हणाली, आणि पहिल्या काठीपासून सगळं सांगितलं.

सासूबाईंनी उंबऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तिघींना सांगितलं, कारण माझा एकीवरही भरवसा नव्हता. पदर झाडला मात्र चौथीनं." किल्ली त्यांनी परत थोरलीकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी दळण संपवून कोंडाबाई उंबऱ्यात आली तेव्हा थोरली तिथंच उभी होती, पाहुण्याचं गाडगं घेऊन. कोंडाबाईनं झाडायला म्हणून पदर दोन्ही हातांत धरला. थोरलीनं गाडग्यातली ती ओंजळ त्या पदरात ओतली.

"आता झाडू नका, मावशी. सांडेल."

कोंडाबाईनं पदरातल्या तांदळाकडे बघितलं. मग तिनं पदराची गाठ मारली आणि घरी गेली. त्यानंतर तिनं त्या उंबऱ्यात कधी पदर झाडला नाही.

तात्पर्य: कणगीतून किती निघालं एवढं मोजून भागत नाही, बादलीत किती गेलं तेही मोजावं, आणि दुसऱ्याचा पदर झाडायला लावण्याआधी आपल्या घरातल्या ओंजळी मोजाव्यात.