तोडून पाहिलेली वायर

एकदा एक गुरू आपल्या शिष्याची विद्या पुरी झाली की नाही, हे पाहायला निघाले. असं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच नदीकाठचा आश्रम आणि पांढरीशुभ्र दाढी येते. तसलं काही इथे नाही. हे गुरू रोज गुळगुळीत दाढी करत, शर्टाच्या खिशात टेस्टर ठेवत आणि रस्त्यावरचे आपोआप उघडणारे-मिटणारे बॅरियर बसवून देत. नाव नेमगोंडा पाटील. सांगलीकडे वडीलधाऱ्या माणसाला अण्णा म्हणतात, तेव्हा ते सगळ्यांचे अण्णा होते. शिष्याचं नाव रणजित. देणारा आणि घेणारा भेटले की गुरुकुल झालं, त्याला पर्णकुटी लागत नाही, असं आपलं माझं मत आहे.

रणजित बरीच वर्षं अण्णांच्या हाताखाली होता. खड्डा खणणं, खांब प्लंबात, म्हणजे अगदी सरळ, उभा करणं, जमिनीखालून पाइप टाकून वायरी ओढणं, हे सगळं अण्णांनी त्याच्याकडून करून घेतलं होतं. कंट्रोल बॉक्स मात्र ते स्वतः जोडत आणि शेवटची तपासणीही स्वतःच करत. त्या वेळी रणजित रस्त्यावर हात आडवा करून गाड्या थांबवण्याचं काम करी, त्यामुळे त्या तपासणीत अण्णा नेमकं काय करतात ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. लोक त्याला ‘अण्णांचा रणजित’ म्हणत. त्याला आता नुसता रणजित व्हायचं होतं, आणि यात गैर असं काहीच नव्हतं.

मग तासगावच्या वाटेवर बेदाण्याच्या एका शीतगृहाचं काम आलं. अण्णा म्हणाले, इथला बॉक्स तू जोड. काम शेठच्या ताब्यात नीट गेलं, की पुढची कामं तू एकट्यानं घ्यायची.

रणजितला त्या रात्री झोप लागली नसणार, हे मी सांगायला नकोच.

त्याने काम मन लावून केलं. दांडा कुठवर उतरायचा, किती जोराने उतरायचा, गाडी गेल्यावर किती वेळ थांबून मिटायचं, हे सगळं बॉक्सला शिकवावं लागतं. ते त्याने सुरेख शिकवलं. राहिला होता फक्त सेन्सर. फाटकाच्या दोन्ही अंगांना दोन बुटके खांब असतात. एकातून न दिसणारा किरण निघतो आणि दुसरा तो टिपतो. मध्ये माणूस किंवा गाडी आली की किरण अडतो, आणि उतरणारा दांडा तसाच मागे फिरतो. डोक्यावर पडत नाही. एवढ्याचसाठी तो असतो.

तर हा सेन्सर सकाळी शहाण्यासारखा वागला आणि ऊन कलल्यावर त्याने असहकार पुकारला. मध्ये कुणी नाही, कुत्रंसुद्धा नाही, तरी दांडा खाली यायला तयार नाही. रणजितने काच पुसली, खांब जरा फिरवला, वायरी पुन्हा आवळल्या. काही उपयोग नाही. अण्णांना फोन करावा असं मनात आलं, पण मग ते म्हणणार, अजून कच्चा आहेस. या एका वाक्याच्या भीतीने चांगली चांगली माणसं काय काय करून बसतात! रणजितने बोटभर वायरीचा तुकडा घेतला आणि बॉक्समधले सेन्सरचे दोन स्क्रू आपसांत जोडून टाकले. या धंद्यात याला ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात. एकदा डायरेक्ट केलं की सेन्सर काहीही म्हणो, बॉक्सला आपलं वाटत राहतं की रस्ता मोकळा आहे. दांडा लगेच खाली आला. सकाळी काढून टाकू, असं रणजितने स्वतःला सांगितलं, आणि स्वतःला सांगितलेल्या अशा गोष्टींचं जे होतं तेच झालं.

दुसऱ्या दिवशी शेठ नारळ आणि पेढे घेऊन आले. नारळ फुटला, दांड्याला हळदकुंकू लागलं. बेदाण्याच्या पेट्या भरलेला टेम्पो आला, दांडा वर गेला, टेम्पो आत गेला, दांडा कसा अलगद खाली आला. शेठ खूश. रणजितचा जीव भांड्यात पडला. आता अण्णांनी मान हलवली की झालं, असं त्याला वाटत होतं.

अण्णांनी मान हलवली नाही. ते बॉक्सपाशी वाकले, खिशातून पक्कड काढली आणि सेन्सरकडून आलेली धडधाकट वायर सगळ्यांदेखत कचकन तोडली. मग शांतपणे म्हणाले, आणखी एक गाडी येऊ द्या.

रणजितच्या तोंडचं पाणी पळालं. शेठना काही कळेना. गाडी आली, दांडा वर गेला, गाडी गेली, आणि दांडा पहिल्यासारखाच अलगद खाली आला. शेठ टाळी वाजवून म्हणाले, वा अण्णा, वायर तुटली तरी चालतंय, माल मजबूत आहे!

“शेठ, हे मजबूत नव्हे,” अण्णा म्हणाले. “हे आंधळं आहे.”

त्यांनी वीज बंद केली, किल्ली फिरवून दांडा हाताने उभा केला आणि सांगितलं की संध्याकाळपर्यंत तो असाच राहील. शेठ वैतागले. हंगाम ऐन भरात, गाड्यांची सारखी ये-जा, फाटक असं उघडं टाकलं तर कुणीही आत शिरेल, आणि चालत्या गाड्याला खीळ कशाला, असं त्यांचं म्हणणं. रास्त होतं तेही. अण्णांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही आणि किल्ली खिशात टाकली. शेठ पेढ्यांचा पुडा तसाच ठेवून आत निघून गेले. अण्णांनी त्यांच्यासमोर रणजितचं नाव घेतलं नाही, हे मला फार आवडतं.

तेवढ्यात बेदाणा निवडायला येणाऱ्या बायका पायी पायी फाटकातून आत येऊ लागल्या. त्यातल्या एकीच्या चपलेचा अंगठा निसटला, म्हणून ती खाली वाकली. बरोब्बर दांड्याच्या खाली. बाकीच्या तिच्यासाठी थांबल्या आणि तिथेच गप्पा मारत उभ्या राहिल्या. रणजितने वर उभ्या असलेल्या दांड्याकडे पाहिलं आणि त्या बाईच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. तो बॉक्सपाशी गेला, तो वायरीचा तुकडा काढून आणला आणि अण्णांच्या हातावर ठेवला. काल दुपारी काय झालं ते सगळं सांगितलं. फोन का केला नाही, तेही सांगितलं.

अण्णा त्याला घेऊन लिंबाच्या सावलीत बसले. त्यांनी विचारलं, “मी चांगली वायर का तोडली?”

आणि उत्तरही त्यांनीच दिलं.

“अरे, ती आज ना उद्या तुटणारच आहे. उंदीर कुरतडेल, टायरखाली चिरडेल, पावसाळ्यात सडेल. त्या दिवशी इथं तू नसशील, मी नसेन. म्हणून मी असताना ती एकदा तोडून बघायची. धड असताना सगळंच नीट चालतं रे. मोडल्यावर ते कसं वागतं, यावर पुढच्याचा जीव अवलंबून असतो.”

मग ते म्हणाले, “आता आणखी एक बघ. सेन्सर बॉक्सला सारखं सांगत असतो, वाट मोकळी आहे, मोकळी आहे. त्याचं सांगणं थांबलं की बॉक्सनं दांडा खाली घ्यायचा नाही. मध्ये माणूस आला म्हणून थांबलं, वायर तुटली म्हणून थांबलं, कारण काही का असेना. मौन म्हणजे संमती, हे आपल्या माणसांत चालत असेल. या बॉक्सला तसं शिकवलेलं नाही. समोरचा गप्प झाला, तर काहीतरी बिघडलंय असं त्यानं धरायचं. तू तो तुकडा लावलास आणि सेन्सरच्या वतीनं तूच बोलायला लागलास, मोकळी आहे, मोकळी आहे.”

अण्णांनी हातातला तुकडा त्याच्यापुढे धरला.

“आणि काल संध्याकाळी मी घरी काय म्हणत होतो, माहीत आहे? रणजितचा फोन नाही, म्हणजे काम ठीक चाललंय. सेन्सरचं राहू दे. तुझ्या-माझ्यातसुद्धा तू तोच तुकडा लावलास.”

आवाज चढला नव्हता. पण अण्णांना वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. रणजितच्या डोळ्यांत पाणी आलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पुढची गोष्ट सोपी होती. दुपार कलली तसे दोघे उठले. किरण टिपणारा खांब पश्चिमेकडे तोंड करून बसवला होता, त्यामुळे उतरतीचं ऊन थेट त्याच्या डोळ्यांत जात होतं आणि त्याला किरण दिसेनासा होत होता. त्यांनी दोन्ही खांबांतल्या सेन्सरची अदलाबदल केली. सूर्य आता त्याच्या पाठीशी आला, आणि समोरून सकाळचं ऊन अडवायला गोदामाची भिंत होतीच. तुटलेली वायर जोडली, दांडा भर उन्हात नीट उतरू लागला. मग अण्णांनी पक्कड रणजितच्या हातात दिली. आपणच जोडलेली वायर त्याने आपल्याच हाताने तोडली. गाडी आली, दांडा वर गेला, गाडी निघून गेली. दांडा वरच राहिला. कितीही वाट पाहिली तरी खाली येईना.

शेठ बाहेर आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, आता काय, बिघडलाच की हो हा.

“नाही शेठ,” रणजित म्हणाला, “आता नीट झाला.”

आणि त्याने शेठना सगळं समजावून सांगितलं. काल आपण सेन्सर डायरेक्ट केला होता, हेही सांगितलं. शेठनी त्याला बरंच सुनावलं. त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं आणि वायर पुन्हा जोडली.

एकट्याने काम घेण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतरही निघाला नाही. रणजित पुन्हा अण्णांच्या मागोमाग जाऊ लागला आणि मनाशी समजला की आपली संधी गेली.

पुढे मिरजेत एका सोसायटीचं काम निघालं. बॉक्स रणजितच जोडत होता, अण्णा पलीकडे वॉचमनच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. रणजितने सगळं केलं, पण दांडा उतरताना शेवटी दाणकन आपटे. त्याने वेग कमी करून पाहिला, दांड्याची हद्द बदलून पाहिली, तरी आपटणं थांबेना. सोसायटीचे चेअरमन शेजारीच उभे राहून बघत होते. रणजित उठला, हात पुसले आणि त्यांच्यादेखत अण्णांपाशी गेला.

“अण्णा, मला हे जमत नाहीये. मला कळतच नाहीये काय चुकतंय.”

अण्णांनी पेपरची घडी घातली. येऊन पाहिलं. आतली स्प्रिंग सैल होती, त्यामुळे दांड्याचं वजन तोललं जात नव्हतं. कशी आवळायची ते त्यांनी दाखवलं, आणि दांडा पिसासारखा उतरला.

संध्याकाळी स्कूटरला किक मारण्याआधी ते म्हणाले, “परवा विट्याला एक काम आहे. एकटा जा.”

रणजितला वाटलं, आपली थट्टा चालली आहे. तो म्हणाला, “अण्णा, आज तर मला जमलंसुद्धा नाही.”

“हो,” अण्णा म्हणाले, “पण ते मला कुणी सांगितलं?”

रणजितने खाली वाकून अण्णांच्या पायांना हात लावला आणि सामानाची पेटी उचलून तो त्यांच्या मागे स्कूटरवर बसला.