न विरघळणारा हार्डनर

एकदा एक म्हातारा कारागीर गावाबाहेरच्या उतारावर छोटासा कारखाना चालवत होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक शेड, झाकणाचं एक मोठं भांडं, एक भट्टी आणि सहा माणसं. चाळीस वर्षं तो फिनॉल आणि फॉर्मॅलिन एकत्र शिजवून त्याची राळ करीत आला होता. त्या राळेची विजेची काळी बटणं होत, कुकरच्या मुठी होत. पुढे तसली बटणं कुणी घेईना. तेव्हा त्याच राळेचा हार्डनर करायचं ठरलं.

आता हार्डनर म्हणजे काय, ते सांगतो. इपॉक्सी नावाचं मधासारखं एक द्रव्य असतं. ते एकटं ठेवलं तर वर्षभर तसंच चिकट राहतं. त्यात फिनॉलची राळ मिसळून भट्टीत तापवलं की दोघांचा मिळून दगडासारखा थर होतो, आणि तो उष्णतेला सहज दाद देत नाही. म्हणून विजेच्या मोटारीच्या तारांवर चढवायला हे वार्निश चांगलं.

हे काम म्हाताऱ्यानं आपल्या शिष्येला दिलं. तिचं नाव कालिंदी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकून आलेली मुलगी, पण म्हाताऱ्याला तात्या म्हणायची आणि त्याच्या हाताखाली मन लावून राबायची.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते मोटारींच्या तारा नव्यानं बांधून देणारा एक व्यापारी. डोंगरावरच्या वस्तीला पाणी चढवणाऱ्या पंपाची मोटार त्याच्याकडे आली होती. कालिंदीच्या वार्निशात तारांची वेटोळी बुडवली, भाजली, मोटार बसवली. ती पंधरा दिवसांत जळाली. दुसऱ्यांदा बांधली, ती आठव्या दिवशी जळाली. मधल्या काळात वस्तीची माणसं ओढ्यापर्यंत उतरून पाणी नेत होती, आणि त्यांत पोटुशी बायकाही होत्या. हे कालिंदीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तिला जेवण गोड लागेना. मोटार तिसऱ्यांदा जळता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दोष कुठे आहे ते तिला दिसत होतं. वार्निश पातळ करायला जो थिनर घालतात, त्यात राळ पुरती विरघळतच नव्हती. निम्मी विरघळायची, निम्मी बारीक खडे होऊन तळाशी बसायची. तिनं राळ आणखी बारीक कुटून पाहिली, तर खडे फक्त लहान झाले. फडक्यातून गाळून पाहिलं, तर हार्डनरच फडक्यात राहिला आणि वार्निश भट्टीतून चिकट बाहेर आलं. व्यापारी हे सगळं बघायचा आणि म्हणायचा की बाई, तुमच्यापेक्षा आमच्या घरचा मुरंबा बरा, त्यात खडे नसतात. तिला हसूही यायचं नाही आणि रडूही.

शेवटी व्यापाऱ्यानं सांगितलं, की सोमवारी मोटार वर न्यायची आहे, त्याच्या आत जमलं तर जमलं, नाहीतर तो दुसरीकडून वार्निश आणील.

शनिवारी तिनं नवा घाणा चढवला. राळ तयार झाली की नाही हे बघायची त्या कारखान्यात एक रीत होती. भांड्यातला थेंब लोखंडी पत्र्यावर टाकायचा, गार होऊ द्यायचा आणि टिचकी मारायची. कणकन वाजून तुटला की राळ झाली. मऊ पडला की अजून शिजवायचं. तिला वाटलं, आपली राळ कच्ची राहत असेल, म्हणून दगा देते. तेव्हा या खेपेला तासभर जास्तच शिजवू.

शिजायला लागून थोडा वेळ झाला होता, तोच तात्या आले. त्यांनी तो लोखंडी पत्रा उचलला, स्टुलावर ठेवला आणि त्यावर चक्क बसले. मग माणसांना म्हणाले, आच बंद करा.

कालिंदीला कळेना. ती म्हणाली, राळ अजून कच्ची आहे, थेंब टाकून बघू द्या, उठा. तात्या उठले नाहीत. तिनं दोनदा सांगितलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांतला एक हळूच म्हणाला की वय झालं आता तात्यांचं.

"वय झालं म्हणूनच बसलोय," तात्या म्हणाले, "उभं राहवत नाही."

त्यांनी उरलेलं फिनॉल वाफेनं उडवून घ्यायला लावलं. मग काठीनं थोडी राळ काढली. ती गुळाच्या पाकासारखी लवत होती. काचेच्या पेल्यात थिनर होता, त्यात ती सोडली आणि काठीनं ढवळत राहिले. बराच वेळ ढवळलं. मग पेल्यामागे वर्तमानपत्र धरून त्यांनी तो पेला कालिंदीपुढे केला. कालिंदीनं पाहिलं. पेल्यातून अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. तळाशी एक खडा नव्हता.

तिनं पेला हातात घेऊन उजेडाकडे धरला. तेव्हा तात्या शांतपणे बोलले.

"पोरी, थेंब वाजला पाहिजे हे मीच तुला शिकवलं. बटण करायचं तेव्हा ते बरोबर होतं. बटणाला कुणात मिसळायचं नसतं. पण हार्डनरचं काम दुसऱ्याला घट्ट करायचं आहे. त्यानं आधी दुसऱ्यात विरघळायला हवं, त्याच्या कणाकणाला हात द्यायला हवा. आपण शिजवून शिजवून याचे सगळे हात एकमेकांतच गुंतवून टाकले. मग दुसऱ्याला द्यायला हात उरतो कुठे?"

कालिंदीनं विचारलं की हे ठाऊक होतं तर दोन महिने गप्प का राहिलात.

"ठाऊक नव्हतं. काल व्यापाऱ्याकडे जाऊन जळालेलं वेटोळं कापून पाहिलं. आत आपले खडे जसेच्या तसे होते. इतकी सुंदर राळ, चकचकीत, आणि एकटीच बसलेली. तिच्या भोवती पोकळी, आणि ठिणगी तिथूनच पडली होती. चाळीस वर्षांचा माझा हात बघत होतो मी. त्याची चूक काल कळली."

सोमवारी मोटार वर गेली. कालिंदीही गेली. पहिले दोन दिवस ती पंपाशेजारी दगडावर बसून होती, तासातासानं मोटारीच्या अंगावर तळहात ठेवायची. अंग कोमट लागायचं, तेवढंच. पंधरावा दिवस गेला, मग महिना गेला. पंप सांभाळणाऱ्या बाईंनी एका सकाळी निरोप पाठवला की टाकी रोज भरते आहे आणि पोरीला म्हणावं, आता नीट जेव. व्यापारी आला, त्यानं आणखी चार मोटारींचं वार्निश मागितलं आणि मुरंब्याचं नावही काढलं नाही. त्या दिवशी कालिंदी दुपारी शेडमध्येच पाठ टेकून गाढ झोपली, आणि कुणीही तिला उठवलं नाही.

आपणही घरात, कामात कुणाला आधार द्यायला जातो, तेव्हा आधी त्याच्यात थोडं विरघळता येतं का, एवढं पाहावं.