पुढे तळ नाही

फार वर्षांपूर्वीची आणि त्याहून लांबची गोष्ट. सातासमुद्रापार अमेरिका देशात, दक्षिणेकडच्या कापसाच्या मुलखात, एक तांबड्या पाण्याची नदी वाहायची. नकाशात शोधत बसू नका, नकाशे काढणाऱ्यांना सगळंच ठाऊक असतं असं नाही. त्या नदीकाठी केझाया नावाची बाई राहायची. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. मावशी काठावर आली की पाणी जरा सरकून तिला जागा करून द्यायचं, असं म्हणतात.

त्या काळी तिकडे माणसं माणसांची मालक असत. मावशी आणि तिची सगळी माणसं गुलाम होती, आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांची लेकरं-नातवंडं. मालकाचं नाव हॉलिस. कापूस त्याचा, खेचरं त्याची आणि माणसंही त्याचीच. गुलामांना आपला म्हणावा असा दिवस वर्षातून एकच, उन्हाळ्याच्या शेवटी येणारा बाप्तिस्म्याचा रविवार. त्या दिवशी पांढरे झगे घालून माणसं नदीत उतरत, एनॉस नावाचा त्यांच्यातलाच उपदेशक पापं धुऊन निघावीत म्हणून त्यांना पाण्यात बुडवून काढी, आणि दिवसभर गाणं चाले.

पण नदी बेभरवशाची. म्हणून सगळ्यांच्या पुढे मावशी लांब काठी घेऊन चाले. काठी तळाला टेकवायची आणि पाणी किती ते ओरडून सांगायचं, हे तिचं काम. ती म्हणे, "घोटा!" मागून सगळे गात, "घोटा, मावशी, घोटा!" मग "गुडघा!" मग "कंबर!" कंबरेएवढ्या पाण्यात ती काठी रोवायची आणि वळून सांगायची, "पुढे तळ नाही." मग त्या काठीपुढे कुणी पाऊल टाकत नसे.

आता गंमत ऐका. पुढे तळ होता.

त्याचं असं झालं. पश्चिमेकडे नवा मुलूख खुला झाला होता. नवा मुलूख म्हणजे नवा कापूस, आणि कापूस म्हणजे वेचायला हात. हॉलिसने मावशीचा थोरला मुलगा जूबा विकून टाकला. व्यापाऱ्याने त्याला साखळीत बांधून पश्चिमेला चालवत नेलं. त्याच आठवड्यात बाप्तिस्म्याचा रविवार आला. डोळे भरलेले, त्यात मावशीला अंदाज राहिला नाही आणि काठी नेहमीपेक्षा पुढे पडली. खाली टणक वाळू लागली. वाळूचा एक बांधच होता तो, विळ्यासारखा वळत थेट पलीकडे गेलेला.

सांगायला तिनं तोंड उघडलंही होतं. पण पलीकडच्या काठावरही मालकच होते, तिकडेही चाबूकच. आगीतून उठून फुफाट्यात पडायचं तर नदी कशाला ओलांडायची? मावशीने काठी नेहमीच्या जागी रोवली आणि म्हणाली, "पुढे तळ नाही." पुढे एका रात्री एकटीने तिनं काठीने तो बांध पलीकडेपर्यंत चाचपला, पण दरवर्षी सांगितलं हेच. मालकाला ते पटलं, गुलामांना पटलं, पोटच्या पोरीला, डॉर्कसलाही पटलं. खोटं बोलून इतका विश्वास कमावलेली बाई पुन्हा झाली नाही.

मग लढाई पेटली. गुलामी राहणार की जाणार यावरून त्या देशाचे दोन तुकडे झाले आणि भाऊ भावावर बंदूक रोखून उभा राहिला. लढाईच्या तिसऱ्या उन्हाळ्यात गुलामी मोडायला निघालेली उत्तरेची फौज नदीपलीकडे येऊन थडकली. निळे कोट, पांढरे तंबू. जो तिथवर पोचेल तो मोकळा, अशी कुणकुण कापसाच्या ओळीओळीतून फिरली.

हॉलिसने नावा जाळल्या. पाणी जिथे जिथे उथळ होतं तिथे पहारे बसवले. बाप्तिस्म्याच्या घाटावर मात्र कुणी बसवलं नाही. तिथे तर तळच नव्हता. आणि त्याने फर्मान काढलं, की सोमवारी सगळ्या धडधाकट माणसांना पश्चिमेला, टेक्सासला चालवत न्यायचं, फौज पोचणार नाही इतक्या लांब. डॉर्कस जाणार होती, तिच्या कडेवरचं तान्हं जाणार होतं. म्हाताऱ्या मावशीचा तिथे काही उपयोग नव्हता, म्हणून ती मागे राहणार होती. एक लेकरू त्या वाटेने गेलं होतं, आता दुसरं निघालं.

मावशी हॉलिसपुढे जाऊन उभी राहिली.

"मालक, लांबचा रस्ता आहे. उद्याच्या रविवारी सगळ्यांना एकदा पाण्यातून काढू द्या. शुद्ध झालेला माणूस पळत नाही."

हॉलिसला हे फारच आवडलं. रविवारी तो स्वतः बंदूक घेऊन घाटावर आला आणि झाडाखाली तळलेली कोंबडी खात बसला.

त्या वर्षी पावसाने दडी मारली होती आणि नदी अंग चोरून वाहत होती. मावशी पाण्यात शिरली. "घोटा!" "घोटा, मावशी, घोटा!" मागे एनॉस, त्याच्यामागे डॉर्कस, तिच्यामागे पांढऱ्या झग्यांची रांग. "गुडघा!" "कंबर!" मावशीने काठी रोवली. सगळे थांबले. हॉलिसने कोंबडीची दुसरी तंगडी उचलली.

मग मावशीने काठी उपटली आणि पुढे पाऊल टाकलं.

एनॉसचा चेहरा पडला. "मावशी, पुढे तळ नाही ना?"

"आहे."

"तू तर दरवर्षी..."

"खोटं बोलत होते. चल."

रांग जागची हलेना. जन्मभर ऐकलेलं एका शब्दाने कसं पुसणार? मावशीने लेकीकडे पाहिलं. डॉर्कसने तान्हं छातीशी घट्ट धरलं होतं.

"आई, मला भीती वाटते."

"मलाही वाटते गं. पण सोमवारची जास्त वाटते. माझ्या पावलावर पाऊल ठेव."

डॉर्कसने डोळे मिटून पाय टाकला. पायाखाली वाळू लागली आणि ती हसली. इतकी खळखळून हसली की ते हसू रांगेच्या टोकापर्यंत गेलं, आणि गाणं पुन्हा सुरू झालं. "कंबर, मावशी, कंबर!" त्या वेळी नदीने स्वतःच घागरा गुडघ्यापर्यंत उचलून धरला, आणि चुकणाऱ्या पावलांना माशांनी खालून हात दिला, असं म्हणतात. माशांना हात कुठून आले, हे मला विचारू नका.

हॉलिसच्या कानावर तेच ओळखीचं गाणं पडत होतं, म्हणून त्याने मान वर केली नाही. केली तेव्हा हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं. त्याने गोळ्या झाडल्या. त्या पाण्यावर बेडकांसारख्या उड्या मारत भलतीकडेच गेल्या. मग त्याने घोडा नदीत घातला, पण वाट विळ्यासारखी वळलेली आणि हा निघाला नाकासमोर. घोडा शहाणा, पोहत माघारी आला. मालक त्याच्या शेपटीला धरून आला.

पलीकडे निळ्या कोटातला पहारेकरी ओरडला, "कोण आहे?"

मावशीने काठी टेकवली. "घोटा!"

आणि मागून सगळा काठ दुमदुमला, "घोटा, मावशी, घोटा!"

एनॉसला काठावर चढल्यावर आठवण झाली. "मावशी, बाप्तिस्मा राहिलाच की."

"मग इथे काय दगड आहेत? पाणीच आहे ना?"

तेव्हा सगळ्यांचा बाप्तिस्मा त्या काठाला झाला. पहिलं डॉर्कसच्या तान्ह्याच्या डोक्यावर पाणी पडलं, आणि तीन पिढ्यांत पहिल्यांदाच त्यांच्यातलं एक लेकरू कुणाच्याही मालकीचं नव्हतं. मावशी तेव्हा ओक्साबोक्शी रडली. आणि एक सांगायचं राहिलं. शुद्ध झालेला माणूस पळत नाही, हे काही ती हॉलिसशी खोटं बोलली नव्हती. पळालं कुणीच नाही, सगळे गात गात चालत गेले.

लढाई सरली, गुलामी गेली. ती माणसं त्याच काठावर घरं बांधून राहिली. जूबा परत आला असं काही म्हणतात, नाही आला असंही काही म्हणतात. गाव मात्र आजही उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी नदीवर जमतं. एक पांढरा झगा झुडपावर जूबासाठी वाळत घालतात. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई काठी घेऊन पाण्यात शिरते. घोटा, गुडघा, कंबर. तिथे ती काठी रोवते, वळते, तोंड शक्य तितकं गंभीर करते आणि म्हणते, "पुढे तळ नाही."

आणि सगळं गाव, कडेवरच्या पोरांपासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत, एका आवाजात ओरडतं, "खोटं गं मावशी, खोटं!" आणि हसत हसत नदी ओलांडतं.