टिटवीचा मोडका पंख

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडे संपून खडकाळ माळ सुरू होतो, तिथे एक ससा राहत असे. स्वभावाने गरीब आणि भलताच भित्रा. पान हलले तरी तो गवतात अंग चोरून बसे, आणि रंगानेही वाळल्या गवतासारखाच असल्यामुळे शेजारून जाणाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नसे. जवळच उघड्या माळावर एका टिटवीचे घर होते. घर कसले, खड्यांमधला एक खळगा. त्यात तिची ठिपकेदार अंडी, पाहणाऱ्याला तीही खडेच वाटावीत अशी. कोल्हा तिकडे फिरकला, की टिटवी एक पंख लोंबता सोडून, धडपडत, कण्हत त्याच्यापुढून चालू लागे. आयती शिकार मिळाली म्हणून कोल्हा मागे लागे. तो माळाच्या पार पलीकडे पोचला, की बाई दोन्ही पंख पसरून उडून जाई.

पिंपळावर एक साळुंकी होती. मुलांनो, काही जणांना दिसेल त्या गोष्टीला नाव दिल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांतली ती एक. संध्याकाळी सगळे पाणवठ्यावर जमले की तिची जीभ सुटे. वाघ झुडपामागे लपला, तर ती अदबीने म्हणे, "वाघोबा दबा धरून बसलेत." सशाविषयी म्हणे, "ससेभाऊ छान दडतात हं, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत." ती स्वतः ढोलीच्या तोंडाशी काटक्या आणि पिसे रचून पिल्ले झाकून ठेवी, त्याला ती आडोसा म्हणे. टिटवीची गोष्ट निघाली की मात्र तिचा आवाज चढे. "ढोंगी बाई आहे ती. धडधाकट पंख आणि मोडल्याचं सोंग. मला नाही बाई असला खोटेपणा जमत." सगळे हसत. ससाही हसे. टिटवी मुकाट्याने पाणी पिऊन निघून जाई. तिची ती खाली घातलेली मान पाहून सशाला वाईट वाटे, पण आपल्याला तर साळुंकी चांगलेच म्हणते, मग उगाच कशाला मध्ये पडा, असे म्हणून तो गप्प बसे.

एके दिवशी सकाळी कोल्हा पुन्हा माळावर आला. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायची वेळ अगदी जवळ आली होती. टिटवी नेहमीसारखी पंख ओढत निघाली. कोल्हा तिच्यामागे चार पावले गेलाही, तोच पिंपळावरून साळुंकी म्हणाली, "झालं हिचं सोंग सुरू." सवयच तिची, मनात काही वाईट नव्हते. पण कोल्ह्याचे कान तिखट. तो थबकला, हसला आणि म्हणाला, "अस्सं. पंख धड आहे म्हणजे काहीतरी झाकायचं आहे. आणि झाकायचं आहे ते मागेच राहिलं." तो वळला आणि नाक जमिनीला लावून खडे हुंगू लागला. टिटवी परत फिरली, त्याच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली, ओरडून ओरडून तिचा घसा बसला. कोल्ह्याने वर पाहिलेसुद्धा नाही.

ससा गवतात बसून हे सारे पाहत होता. खळगा कोल्ह्याच्या नाकापासून हातभर राहिला होता. ससा हलला नसता तर त्याला कोणी काही म्हटले नसते, आणि संध्याकाळी साळुंकीने शाबासकीच दिली असती. पण टिटवीचा तो बसलेला आवाज त्याला ऐकवेना. तो गवतातून बाहेर आला, एक पाय उचलून धरला आणि कण्हत, लंगडत कोल्ह्याच्या अगदी डोळ्यांसमोरून निघाला. सशाला आजवर कोणीच ढोंगी म्हटले नव्हते, त्यामुळे त्याचे लंगडणे कोल्ह्याला खरे वाटले. खडे हुंगायचे सोडून तो त्याच्यामागे धावला. करवंदीच्या जाळीपाशी पोचेपर्यंत कोल्ह्याचे दात सशाच्या कानाला लागले, पण कान फाटला तरी ससा जाळीत शिरून सुटला.

संध्याकाळी पाणवठ्यावर साळुंकीने तो कान पाहिला. "ससेभाऊ, सकाळी तुम्ही लंगडत होतात, आता तर नीट चालताय. पायाला झालं होतं तरी काय?"

"काही नाही, साळुंकीताई," ससा म्हणाला. "सोंग करत होतो. अगदी टिटवीबाईंसारखं."

कोणीच हसले नाही. साळुंकीने टिटवीकडे पाहिले, मग लांब पिंपळावरच्या आपल्या ढोलीकडे, आणि त्या संध्याकाळी ती कोणाविषयी काही बोलली नाही.

पुढे टिटवीची पिल्ले माळावर दुडूदुडू पळू लागली. एकदा लांबच्या रानातून एक नवखा कोल्हा तिकडे आला. आईची हाक ऐकताच पिल्ले खड्यांत चिकटून बसली आणि टिटवी पंख ओढत निघाली. नवख्याने मान वर करून इकडेतिकडे पाहिले. तेवढ्यात पिंपळावरून साळुंकी त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अरेरे, बिचारीचा पंखच मोडला की हो." कोल्हा टिटवीच्या मागे सुसाट धावला. गवतात दडलेल्या सशाला मात्र हसू आवरता आवरेना.

तात्पर्य : आपण लपवले तर आडोसा आणि दुसऱ्याने लपवले तर ढोंग, असे म्हणण्याआधी त्यामागे कोणाचा जीव झाकलेला आहे ते पाहावे.