अध्यक्षांचा छापील हुकूम

लीलाबाई परीट यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून रोज सकाळी इस्त्री तापेपर्यंत त्यांची मुलगी मैना पेपर मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक बातमीवर लीलाबाई एक प्रश्न विचारायच्या. ती सवय मैनाला लागली. शाळेत शाळा समितीच्या अध्यक्षांचं भाषण झालं, तेव्हा तिने त्यांनाही पेपरातल्या बातम्यांवरून तीन अडचणीचे प्रश्न विचारले.

अध्यक्ष धुमाळसाहेब दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी, मैनाने पेपर उघडायच्या आधीच, तरातरा दारात हजर झाले.

"पोरांनी घरी पेपर वाचायचा नाही, असा हुकूम काढलाय मी! आजच्या पेपरात आलाय. कळला नाही?"

लीलाबाई बुचकळ्यात पडल्या. "साहेब, मैनाने वाचला तरच मला कळणार. आणि तिने वाचला की तो मोडणार. मग पाळायचा कसा?"

साहेब गडबडले. "आणा इकडे, मीच वाचतो!" त्यांनी बातमी खड्या आवाजात वाचून दाखवली.

लीलाबाईंनी सवयीने विचारलं, "पण का वाचायचा नाही?"

साहेबांनी बातमी वरून खाली दोनदा चाळली. कारण कुठेच नव्हतं.

"ते... ते उद्याच्या पेपरात देतो!"

"द्या की," लीलाबाई इस्त्री उचलत म्हणाल्या. "मैना वाचून दाखवेल."